तांबेरा-प्रतिकारक म्हणून घेतलेला गहू काही वर्षांनी तांबेऱ्याला का बळी पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गव्हाचा एक वाण 'तांबेरा प्रतिकारक' म्हणून घेतला, पहिली काही वर्षं पानावर एक डाग नाही, आणि या हंगामात अख्खं शेत तांबेऱ्याने भरलं. मग बियाण्यात भेसळ झाली का, की तेच बी परत परत पेरून प्रतिकारशक्ती 'उतरली', की मुळात दावाच खोटा होता? आणि पुढचा वाण निवडताना बघायचं काय?

मी गव्हाच्या पैदाशीत काम करतो आणि त्यातलं बरंचसं काम तांबेऱ्यावरचंच आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

पहिले ते 'उतरण्याचं' काढून टाकू. गहू स्वतःच्याच परागाने फळणारं पीक आहे, मक्यासारखं वाऱ्याने मिसळत नाही, त्यामुळे तेच बी चार-पाच वर्षं पेरलं म्हणून प्रतिकाराचा जीन कुठे पळून जात नाही. पहिल्या वर्षी जो जीन त्या दाण्यात होता तो आजही तिथेच आहे, जसाच्या तसा, काम करायच्या तयारीत. भेसळ मात्र होऊ शकते आणि ती शेतात उभं राहूनच ओळखता येते. भेसळ असेल तर रोग विखुरलेला दिसतो, म्हणजे एक झाड पूर्ण भरलेलं आणि शेजारची दहा झाडं स्वच्छ, आणि नीट बघितलं तर ते भरलेलं झाड उंचीला किंवा ओंबीला किंवा कुसळांना थोडं वेगळं असतं. सगळीच झाडं सारखी भरली असतील तर भेसळ विसरा. अजून एक, आधी खात्री करा की तो तांबेराच आहे. पिवळेपणा शंभर कारणांनी येतो, पाणी जास्त झालं, नत्र कमी पडलं, तणनाशकाचा झटका बसला. तांबेऱ्यात फोड येतात आणि बोट फिरवलं की पावडर बोटाला लागते. आणि कुठला तांबेरा तेही बघा, कारण तीन वेगवेगळ्या बुरश्या आहेत: पानावर बारीक पिवळे फोड शिरेच्या रेषेत पट्ट्यांनी आले तर पिवळा, पानभर विखुरलेले नारिंगी-तपकिरी फोड आले तर तपकिरी, आणि खोडावर, पानाच्या देठाकडच्या भागावर लांबट, कडा फाटलेले गडद विटकरी फोड आले तर काळा. पिवळ्याला थंडी लागते, साधारण १० ते १५ अंश, तपकिरीला १५ ते २२, काळ्याला २० च्या वर. बऱ्याचदा गंमत अशी होते की वाण तपकिरीला प्रतिकारक म्हणून विकलेला असतो आणि शेतात आलेला असतो पिवळा, तिथे वाणाने कुणाला फसवलेलंच नसतं.

आता समजा भेसळ नाही, तांबेराही तोच ज्याच्याविरुद्ध वाण प्रतिकारक होता, आणि तरी शेत भरलं. तर मग बदलली ती बुरशी.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं. १९०५ मध्ये केंब्रिजला रोलंड बिफेनने दाखवलं की पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार गव्हाच्या पुढच्या पिढ्यांमध्ये मेंडेलच्या नियमाने वाटला जातो, सरळ एका जीनसारखा. मेंडेलचं काम जगाला परत सापडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, त्यामुळे साहजिकच लोकांना वाटलं की झालं, एक जीन आणायचा आणि तांबेरा संपवायचा. मग १९१७ च्या आसपास अमेरिकेत मिनेसोटाला स्टॅकमनने लोकांचा उत्साह उतरवला. त्याने दाखवलं की गव्हावरचा काळा तांबेरा म्हणजे एकच एक बुरशी नाही, तिच्यात रेसेस आहेत, दिसायला अगदी सारख्या, पण एक रेस ज्या वाणावर पोसते तिथे दुसरी मरते. या रेसेस ओळखायला त्याच्या गटाने बारा गव्हांचा एक संच केला होता, त्यात एक गहू चक्क आपला खपली होता, त्याच नावाने, आणि जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये कित्येक वर्षं 'खपली' हा शब्द रेसच्या तक्त्यात छापला जायचा. खपलीतून आलेला एसआर१३ हा जीन (नावात एसआर म्हणजे काळ्या, एलआर म्हणजे तपकिरी, वायआर म्हणजे पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचा जीन, पुढचा आकडा नुसता क्रमांक) आजही युगांडाच्या त्या कुप्रसिद्ध रेसवर चालतो, तिच्याबद्दल पुढे येतंच.

पुढे १९४० च्या दशकात फ्लॉरने जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून हिशोब मांडला की झाडात प्रतिकाराचा एक जीन असेल तर बुरशीत त्याच्या समोर एक जीन असतो, आणि दोन्ही जुळले तरच रोग थांबतो. हे आत कसं चालतं ते आता बऱ्यापैकी कळलंय. स्पोअर, म्हणजे बुरशीचा बीजाणू, पानावर पडतो, काही तास दव मिळालं की रुजतो, तपकिरी आणि काळ्या तांबेऱ्यात त्याचा धागा पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशीच्या भिंतीतून एक शोषकांग आत घुसवतो. त्यातून तो अन्न तर ओढतोच, पण उलट दिशेने स्वतःची शेकडो प्रथिनं पेशीत सोडतो, झाडाची संरक्षणव्यवस्था झोपवायला. गव्हाचे बहुतेक मोठे प्रतिकार जीन, म्हणजे एसआर, एलआर, वायआर असे नंबर लागलेले, त्या शेकड्यातलं एखादंच प्रथिन ओळखणारा रिसेप्टर बनवतात. ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून टाकते, आणि तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, मेलेल्या पेशीवर तो जगत नाही, म्हणून तिथेच खेळ संपतो. पानावर दिसतो तो फक्त एक बारीक फिकट ठिपका, कधी तोही नाही.

आता याच्यातला कच्चा दुवा बघा. हा रिसेप्टर म्हणजे हातात एकाच चोराचा फोटो घेऊन गेटवर बसलेला वॉचमन. चोराने मिशी काढली की वॉचमनच्या दृष्टीने तो माणूसच वेगळा. बुरशीला फार काही मिळवावं लागत नाही, फक्त ते एक प्रथिन बदलायचं किंवा टाकून द्यायचं. एसआर३५ च्या बाबतीत हे डोळ्यांनी बघता आलं: २०१७ मध्ये त्याच्या समोरचं बुरशीतलं प्रथिन सापडलं, आणि ज्या रेसला एसआर३५ अडवू शकत नाही तिच्यात त्या जीनच्या मधोमध डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसलेला होता, जीन बंद. बस, एवढंच. आणि ज्या बुरशीचे कोट्यवधी स्पोअर एका शेतातून हवेत जातात, दर आठ-दहा दिवसांनी नवी पिढी येते, तिला असा एखादा बदल घडायला किती वेळ लागणार?

खरं तर थोडा जास्त लागतो, कारण तांबेऱ्याच्या या स्पोअरमध्ये दोन केंद्रकं असतात आणि त्या प्रथिनाची एक प्रत शाबूत असली तरी वॉचमन ओळखतोच, म्हणून दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. पण निसर्गात बऱ्याच रेसेसमध्ये एक प्रत आधीच बिघडलेली असते, एक पाऊल बाकी असतं. शिवाय दोन वेगळ्या रेसेसचे धागे एकत्र येऊन केंद्रकांची अदलाबदल होऊ शकते. ही शंका जुनी होती, पण २०१९ मध्ये जीनोम वाचून दाखवलं गेलं की युगांडाच्या त्या रेसमधलं एक अख्खं केंद्रक आफ्रिकेतल्या एका जुन्या रेसकडून जवळजवळ जसंच्या तसं आलेलं आहे. बार्बेरी नावाच्या झुडपावर काळ्या तांबेऱ्याचं लैंगिक पुनरुत्पादन होतं तो रस्ता अजून वेगळाच, त्यासाठीच तर अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरीची झुडपं उपटायची मोहीम चालली होती.

आता वाण मोठ्या प्रमाणात पसरला की काय होतं ते. समजा एखाद्या प्रदेशात निम्म्याहून जास्त गहू एकाच जीनच्या भरवशावर उभा आहे. जुन्या रेसला खायला काही नाही. लाखात-कोटीत एखादा जो बदललेला स्पोअर निघतो त्याला मात्र सगळं रान मोकळं, स्पर्धाच नाही. म्हणजे ती रेस आपणच निवडून मोठी केली, वाण जितका लोकप्रिय तितकी ही निवड जोरात. वाण पहिली काही वर्षं स्वच्छ राहिला तेव्हा दावा खरा होता, मग रेस बदलली आणि तो त्याच वाणाबद्दल खरा राहिला नाही. यात कोणी खोटं बोललेलं असेलच असं नाही, फक्त पिशवीवर 'प्रतिकारक' छापताना 'आज इथे फिरणाऱ्या रेसेसविरुद्ध' हे छापत नाहीत आणि ते छापलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

एसआर३१ ची गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण या क्षेत्रातल्या प्रत्येकाची झोप तिने उडवली. हा जीन मुळात गव्हाचा नाहीच, राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक अख्खा हात गव्हाच्या १बी गुणसूत्रावर जोडला गेला, त्याच्याबरोबर आला. त्या एका तुकड्यावर चार जीन: काळ्या तांबेऱ्याला एसआर३१, तपकिरीला एलआर२६, पिवळ्याला वायआर९ आणि भुरीला पीएम८. वर उत्पन्नालाही बरा, म्हणून जगभरच्या ब्रीडरांनी, म्हणजे वाण काढणाऱ्यांनी, तो उचलला, रशियन वाणांतून, मेक्सिकोच्या लाइन्समधून (वाण व्हायच्या आधीच्या निवडलेल्या कुळांतून), सगळीकडे. तोटा एवढाच की कणीक चिकट होते, तर ब्रेड बनवणारे नाराज असायचे. चारही जीन एकाच तुकड्यावर, एकत्रच फिरणारे, पण नशीब चौघांचं वेगळं. पीएम८ आणि एलआर२६ बऱ्याच ठिकाणी लवकर पडले. वायआर९ ला चकवणारी रेस १९८० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत दिसली आणि मग पश्चिम आशियामार्गे सरकत १९९० च्या दशकात दक्षिण आशियात पोचली. एसआर३१ मात्र तीसेक वर्षं टिकला, इतका की काळा तांबेरा हा इतिहासजमा रोग आहे असं लोक बोलायला लागले, त्यावर काम करणारे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. १९९८ मध्ये युगांडात एसआर३१ असलेल्या गव्हावर काळा तांबेरा सापडला. तीच ती यूजी९९. २००६ मध्ये ती येमेनमध्ये, २००७ मध्ये इराणमध्ये होती. दरम्यान केनियात तिची भावंडं निघाली, २००६ ला एसआर२४ मोडणारी आणि २००७ ला एसआर३६ मोडणारी. म्हणजे पर्याय म्हणून जे जीन हातात होते तेच एकेक करून गळायला लागले. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या घरात होते, त्यांनी २००५ मध्ये धोक्याची घंटा वाजवली आणि मग केनियातल्या न्जोरोला जगभरचा गहू नेऊन त्या रेससमोर उभा करायची व्यवस्था लागली.

पण मला विचाराल तर यूजी९९ पेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट इथिओपियाची आहे. तिथे पिवळ्या तांबेऱ्याने मार खाल्ल्यावर डिगालू नावाचा वाण जोरात पसरला, पिवळ्याला चांगला आणि यूजी९९ लाही चांगला. सगळे यूजी९९ कडे डोळे लावून बसलेले. आणि २०१३ च्या हंगामात काळा तांबेराच आला पण यूजी९९ चा नाही, पूर्ण वेगळ्या घराण्यातली रेस, जिला डिगालूचा एसआरटीएमपी नावाचा जीन अडवू शकत नव्हता. हजारो हेक्टर गेले. एका प्रसिद्ध रेसविरुद्धचा प्रतिकार म्हणजे रोगाविरुद्धचा प्रतिकार असं धरून चाललं की असं होतं. आपल्याकडे पीबीडब्ल्यू ३४३ आणि पाकिस्तानात इन्कलाब ९१, दोन्ही अफाट लोकप्रिय, दोन्ही पिवळ्या तांबेऱ्यासाठी वायआर२७ वर उभे, आणि २००० नंतर वायआर२७ ला चकवणारी रेस आली तेव्हा दोन्ही एकदमच अडचणीत आले. दोन देश, दोन वाण, नावं वेगळी पण आतला जीन एकच, तिथे वाणांची विविधता कागदावरच राहते.

हे सगळं ऐकून वाटेल की मग प्रतिकारक वाण करण्यात अर्थच काय. अर्थ आहे, कारण दुसऱ्या जातीचा प्रतिकारही आहे, आणि तो मला व्यक्तिशः जास्त आवडतो.

एलआर३४ घ्या. ब्राझीलच्या फ्रोंटाना वगैरे जुन्या गव्हातून प्रसिद्ध झालेला, शंभर वर्षांच्या आसपास वापरात आहे, आणि त्याला पूर्ण चकवणारी रेस अजून आलेली नाही. हा जीन रोपावस्थेत जवळजवळ काहीच करत नाही. झाड मोठं झालं, फ्लॅग लीफ, म्हणजे ओंबीखालचं शेवटचं पान, बाहेर आलं की मग काम दिसतं, आणि तेव्हाही तो रोग थांबवत नाही, हळू करतो. स्पोअर कमी रुजतात, फोड उशिरा येतात, लहान राहतात, त्यातून स्पोअर कमी बाहेर पडतात. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं. आणि हे फक्त तपकिरीवर नाही तर पिवळ्यावर, काळ्यावर आणि भुरीवरही, म्हणून त्याच एका जीनला एलआर३४, वायआर१८, एसआर५७ आणि पीएम३८ अशी चार नावं पडलीत. २००९ मध्ये तो वेगळा काढून वाचला तेव्हा कळलं की हा वॉचमन नाहीच, पेशीच्या पडद्यातून पदार्थ ने-आण करणारं प्रथिन आहे. बुरशीतलं कुठलंच विशिष्ट प्रथिन तो ओळखत बसत नाही, म्हणून मिशी काढून उपयोग नाही. एलआर६७ पण तसाच, तो साखर वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा बदललेला प्रकार निघाला, आणि तिसरा त्यांच्याच पंगतीतला एलआर४६. या तिघांची शेतातली खूण अशी की पानाची टोकं पिवळी पडून वाळतात, आणि अनुभव नसलेला माणूस तीच रोगाची खूण समजून वाण नापास करतो.

काळ्या तांबेऱ्यासाठी एसआर२. अमेरिकेतल्या साउथ डकोटाचा मॅकफॅडन, त्याने यारोस्लाव नावाचा खपलीच्या जातकुळीतला गहू आणि मार्क्विस हा साधा गहू यांचा क्रॉस करून १९२० च्या दशकात 'होप' काढला. त्या दोघांचे क्रोमोसोमच, म्हणजे गुणसूत्रंच, जुळत नाहीत, एकात चौदा जोड्या आणि एकात एकवीस, क्रॉसमधून जेमतेम दाणे मिळायचे आणि तेही बहुतेक सुरकुतलेले, तरी तो मागे लागला. होपमधला एसआर२ पुढे बोरलॉगच्या मेक्सिकोतल्या गव्हात गेला आणि तिथून जगभर. एकटा एसआर२ जोराच्या साथीत पुरत नाही, पण सोबत अजून दोन-तीन लहान जीन असले की तो भिंतीसारखा उभा राहतो. त्याचीही खूण आहे, ओंबीची टरफलं आणि खोडाच्या गाठी काळपट होतात. आम्ही वर्षानुवर्षं डीएनए मार्कर (जीन आत आहे का हे दाखवणाऱ्या डीएनएवरच्या खुणा) नव्हते तेव्हा ही काळपट ओंबी बघूनच एसआर२ ची झाडं निवडायचो, मात्र उष्ण, ढगाळ हवामानात काळपटपणा जास्त येतो आणि काही वाणांत दिसतच नाही, त्यामुळे खात्रीचं काम नव्हतं ते.

एक लहान जीन म्हणजे थोडा फायदा, दोन म्हणजे बरा, आणि असे चार-पाच एकत्र आले की झाड जवळजवळ स्वच्छ राहतं. हे सहज वाटतं पण पटवून देणं अवघड जातं, कारण असा वाण शेतात पूर्ण स्वच्छ नसतो. त्यावर फोड दिसतात. शेजारच्या शेतात मोठ्या जीनचा वाण काचेसारखा स्वच्छ असतो आणि शेतकरी साहजिकच तो निवडतो, आणि तीन-चार वर्षांनी तुमच्यासारखा प्रश्न विचारतो.

म्हणून आकडे वाचायला शिका. चाचण्यांच्या अहवालात '४०एमएस', '८०एस', '१०एमआर' असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे पानाचा किती टक्के भाग व्यापला, आणि अक्षरं म्हणजे फोड कसे आहेत: एस मोठे आणि भरपूर पावडरचे, एमआर लहान आणि भोवती मेलेली पेशी, एमएस मधले, आर म्हणजे जवळजवळ फोडच नाहीत. दोन्ही मिळून एक अंक काढायची रीत आहे, एस ला १, एमएस ला ०.८, एमआर ला ०.४, आर ला ०.२ ने गुणायचं, म्हणजे ४०एमएस झाला ३२ आणि ४०एमआर झाला १६. पण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो वाढला कसा हे जास्त महत्त्वाचं. रोगाला एकदम नाजूक असलेला वाण शेजारी ५ वरून पंधरा दिवसांत ८०एस ला गेला आणि तुमचा वाण ५ वरून २० वरच रेंगाळला तर तो उत्तम आहे, भले त्याच्यावर फोड असोत, दाणा भरून निघतो. उलट ज्या वाणाचा इतिहास 'शून्य, शून्य, शून्य, आणि अचानक ७०एस' असा आहे तो एका मोठ्या जीनवर उभा होता आणि तो जीन पडला, हे अहवालातूनच कळतं.

मग मोठे जीनच दोन-तीन एकत्र का टाकत नाही, असं कोणीही विचारेल. टाकतो. एका स्पोअरमध्ये एकाच वेळी तीन बदल घडण्याची शक्यता फारच कमी, ही कल्पना ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिथे काळा तांबेरा बराच काळ काबूत राहिला त्याचं श्रेय तिला दिलं जातं. अडचणी दोन. पहिली, एक मोठा जीन असेल तर झाड स्वच्छ, दोन असतील तरीही तितकंच स्वच्छ, तीन तरी तेच, मग शेतात बघून कळणार कसं की आत किती आहेत? आणि मोठ्या जीनच्या आड लहान जीन तर दिसतच नाहीत, निवड करताना नकळत गळून जातात. पूर्वी प्रत्येक लाइन वेगवेगळ्या रेसेस लावून तपासायला लागायची, आता डीएनए मार्करने पानाच्या तुकड्यावरून कळतं आणि काम खरंच हलकं झालंय. दुसरी अडचण माणसांची आहे. तुम्ही तीन जीन एकत्र टाकून वाण केला आणि त्यातलाच एक जीन दुसऱ्या कोणी एकट्याने टाकून वाण विकला, तर बुरशीला जिना मिळाला, ती एकेक पायरी चढत येते. यावर उपाय म्हणून पाच जीन डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी बसवून गव्हात घातलेत, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, एसआर२२, एसआर३५, एसआर४५, एसआर५० आणि लहान गटातला एसआर५५. एकत्रच फिरतात त्यामुळे सुटे होण्याची भीती नाही आणि शेतातल्या चाचणीत काळ्या तांबेऱ्याला जबरदस्त प्रतिकार दिसला. पण ते जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, आहे, म्हणजे पुढचा प्रवास शास्त्राच्या हातात नाही, कायद्याच्या आहे.

जंगली नातेवाइकांकडून जीन आणणं वाटतं तितकं स्वच्छ काम नाही हेही सांगून ठेवतो. सीअर्सने १९५६ मध्ये एजिलॉप्स अम्बेल्युलाटा या गवतातून एलआर९ आणला, त्यासाठी एक्स-रे मारून क्रोमोसोम तोडून जोडावे लागले. एलआर१९ बरोबर पिठाला पिवळा रंग येतो, काही बाजारांत त्यामुळेच वाण नाकारला जातो. आणि कधी कधी खपलीच्या गटातल्या गव्हात उत्तम चालणारा जीन साध्या गव्हात आणला की गप्पच बसतो, कारण साध्या गव्हाच्या डी जीनोममध्ये (खपलीत नसलेल्या गुणसूत्रांच्या जास्तीच्या संचात) त्याला दाबणारं काहीतरी असतं. असं झालं की चार-पाच वर्षांचं बॅकक्रॉसिंग, म्हणजे चांगल्या वाणाशी परत परत केलेला संकर, पाण्यात.

तांबेऱ्याबाहेरच्या रोगांना हाच नियम लावू नका. टॅन स्पॉट नावाचा पानावरचा करपा घ्या, तिथे उलटं आहे: बुरशी टॉक्सए नावाचं विष सोडते आणि गव्हात टीएसएन१ हा जीन असेल तरच ते चालतं, म्हणजे तिथे जीन आणायचा नसून काढायचा असतो, फार सोपं काम. ओंबीवर येणाऱ्या फ्युझेरियम या बुरशीला सगळ्यात भरवशाचा एफएचबी१ हा चीनच्या सुमाई ३ वाणातून आला, तो अर्धवट काम करतो, आणि नेमका ३बी क्रोमोसोमवर एसआर२ च्या शेजारीच बसलाय पण वेगवेगळ्या झाडांत, त्यामुळे दोन्ही एकाच झाडात आणायला दुर्मीळ तुटजोड शोधावी लागते. आणि गव्हाचा ब्लास्ट, १९८५ ला ब्राझीलमध्ये आणि २०१६ ला बांगलादेशात दिसलेला, त्याला सध्या बहुतेक सगळं जग एजिलॉप्स व्हेंट्रिकोसा गवतातून आलेल्या २एनएस या एकाच तुकड्यावर अडवतंय. बांगलादेशने २०१७ मध्ये काढलेल्या बारी गोम ३३ मध्ये तोच आहे. एकाच तुकड्यावर सगळी भिस्त हे वाचून तुम्हाला एसआर३१ आठवला असेल, मलाही आठवतो. दक्षिण अमेरिकेत त्याच्यावरही मात करणारे नमुने दिसायला लागलेत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, वाण निवडायचा कसा. विकणाऱ्याला किंवा संशोधन केंद्राला 'प्रतिकारक आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं. विचारा की तिन्हीपैकी कुठल्या तांबेऱ्याला, रोपावस्थेत की मोठ्या झाडात, आणि गेल्या दोन हंगामांच्या चाचणीचे आकडे काय. फक्त रोपावस्थेतला प्रतिकार आणि पाठीमागे काही नाही, तर दोन-चार वर्षांचा पाहुणा समजा. मोठ्या झाडात हळू वाढणारा, पंधरा-वीस वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी १०-२० टक्क्यांच्या आसपास राहिलेला वाण मिळाला तर थोडे फोड बघून नाक मुरडू नका. दोन वाण पेरणार असाल तर ते एकाच आईबापाचे नाहीत ना ते बघा, वंशावळ बहुतेक वाणांची प्रसिद्ध असते. आणि हंगाम संपल्यावर बांधावर, शेतात आपोआप उगवलेला गहू काढून टाका, तांबेरा दोन हंगामांच्या मधला काळ बऱ्याचदा त्याच्यावर काढतो.

हातातल्या पिकाचं म्हणाल तर ज्या वाणाचा जीन पडलाय तो आता साध्या, नाजूक वाणासारखाच धरायचा. ओंबी निघायच्या आत पहिले फोड दिसले आणि हवा त्या तांबेऱ्याला पोषक असेल तर प्रोपिकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोलसारखं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात मारा, फ्लॅग लीफ वाचलं तर दाणा बराचसा वाचतो. दाणा चिकाच्या पुढे जाऊन घट्ट व्हायला लागला असेल तर फवारणीचा खर्च सहसा निघत नाही. आणि फवारायच्या आधी रोग आलेली दहा-बारा पानं तोडून जवळच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा गहू संशोधन केंद्राकडे पाठवा, रेस ओळखायला जिवंत स्पोअर लागतात, औषध मारलेल्या पानावरून काही निघत नाही. पानं सावलीत थोडी सुकवून कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकमध्ये घातली तर वाटेतच कुजतात, आणि पाकिटावर वाणाचं नाव, गाव आणि तोडल्याची तारीख लिहा.